खाट धरल्याशिवाय विमा नाही, हे आम्हांला मान्य नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी, शेतमजूर, आशाताई, सरपंच आणि लोकप्रतिनिधींसाठी



घरातली गोष्ट आधी सांगतो. घाटंजी तालुक्यात आमचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. चार वर्षांपूर्वी ऐन वेचणीत माझ्या धाकट्या भावाची झोप गेली. रात्रभर अंगणात फेऱ्या मारायचा. जेवण तुटलं, मग बोलणं तुटलं. बोंडं फुटून कापूस पऱ्हाटीवर लोंबत होता आणि हा बांधावर बसून राहायचा. विचारलं की एकच उत्तर, "काई नाई, डोसकं जड झालं." आम्ही नवस बोललो, उतारा केला, ज्यानं जे सांगितलं ते केलं. यात चार महिने गेले. शेवटी गावातल्या आशाताईनं त्याला समोर बसवून कागदावरचे नऊ प्रश्न विचारले. उठताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, याला डॉक्टरकडं न्या. उद्या नाही, आजच."

डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात तो रात्रभर झोपला. महिन्याभरानं स्वतःहून वावरात गेला. म्हणजे आजार बरा होणारा होता आणि औषध लागू पडत होतं. अडलं ते दुसरीकडेच. दवाखान्याच्या खिडकीवर मी विम्याचं कार्ड पुढं केलं तेव्हा आतून प्रश्न आला, "पेशंट ॲडमिट आहे का?" नाही म्हटलं. "मग यात बसत नाही."

डॉक्टरांची फी, गोळ्या, दोघांचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरून महिन्याला दीड हजाराच्या घरात खर्च जायचा. पाच-सहा महिने आम्ही तो ओढला. मग एकदा मी त्याच्या घरी गेलो तर त्याची बायको चुलीपाशी बसून ब्लेडनं एकेका गोळीचे दोन तुकडे करत होती. कापूस विकेपर्यंत पुरवायच्या होत्या. पुढं अर्ध्या गोळ्याही संपल्या. पेरणीच्या तोंडावर भाऊ पुन्हा अंगणात फेऱ्या मारायला लागला.

हे पत्रक त्या अर्ध्या गोळीसाठी आहे.

आता कायदा बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली संसदेनं केला आणि 29 मे 2018 पासून तो देशभर लागू आहे. त्याचं कलम 21 सांगतं की शरीराच्या आजाराला ज्या पायावर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच पायावर मनाच्या आजारालाही प्रत्येक विमा कंपनीनं दिला पाहिजे. 2018च्याच ऑगस्टमध्ये विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सगळ्या कंपन्यांना तसं लेखी बजावलं. तरीही दावे नाकारले जात राहिले, तेव्हा 2021 साली दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कायदा लागू झाल्या दिवसापासून कंपन्या बांधील आहेत, मनोविकार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत. कागदावर आपण जिंकलेलो आहोत.

पण "त्याच पायावर" या शब्दांत एक फट राहिली आहे. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात खाटेचा विमा आहे. रुग्ण दाखल झाला, खाट मिळाली, तर पैसे. हाड मोडलं, हृदयाची नळी बंद झाली, अपेंडिक्स फुटलं तर हा हिशेब चालतो. मनाचे बहुतेक आजार मात्र खाटेवर बरे होतच नाहीत. ते बरे होतात महिन्याच्या फेरीनं, न चुकता घेतलेल्या गोळीनं, समुपदेशकासमोर बसून मोकळं बोलल्यानं. म्हणजे ओपीडीत. आणि विमा ओपीडीच्या दारातच थांबतो. आयुष्मान भारतच्या पॅकेजांच्या यादीत मनोविकार आहेत, पण तेही दाखल झालेल्यासाठी. माणूस घरी राहून, कामावर जात बरा होत असेल तर विमा त्याला ओळखत नाही. तो पार कोसळला, दवाखान्यात टाकावा लागला, की ओळखतो. दोन वेगळ्या आजारांना एकच अट लावली म्हणून समान वागणूक होत नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे की हा कायद्याचा भंग आहे.

आपल्याला विमा नवा नाही. पिकाचा विमा आपण काढतो. नुकसान झालं की 72 तासांत कळवायचं, हेही पाठ आहे. गारपिटीला तारीख असते, पुराला तारीख असते. माझ्या भावाचं मन कोणत्या तारखेला मोडलं, ते मी कोणत्या रकान्यात लिहू? या नुकसानीचा पंचनामा नऊ प्रश्नांचा आहे आणि तो आशाताईला येतो. 2015 पासून राज्याचा प्रेरणा प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत चालतो, त्यात आपला जिल्हा आहे. आशाताई घरोघर जातात, प्रश्न विचारतात, ज्याला गरज आहे त्याचं नाव पुढं पाठवतात. माणूस शोधून काढायची सोय आहे, शोधलेल्या माणसाला वर्षभर उपचारात टिकवायची नाही. झरी जामणीच्या टोकाच्या गावातल्या बाईला मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर दिवस मोडतो. दर महिन्याला एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी.

पैशांचं कारण कुणी सांगू नये. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा 19 मार्च 1986 रोजी आत्महत्येनं अंत झाला. तेव्हापासून हा जिल्हा सरकारच्या डोळ्यांसमोर आहे. 2006 साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. शेतकरी गेल्यावर त्याच्या घरच्यांना 1 लाख रुपये द्यायचे, असा शासन निर्णय 2005 पासून आहे: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. तेही सरसकट नाही. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, नापिकी होती का, हे तपासून समिती 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा मारते. हे दोन शब्द आपल्या जिल्ह्यातल्या किती बायांनी ऐकले असतील! आमच्या घरच्या खर्चाच्या हिशेबानं त्या 1 लाखात एका माणसाचा साडेपाच वर्षांचा उपचार होतो. तो माणूस जिवंत असताना.

आमच्याच शेतकरी चळवळीतले काही जुने कार्यकर्ते यावर रागावतात. म्हणतात, कापसाला भाव द्या, कर्जाचा फास सोडवा, शेतकऱ्याला गोळ्या देऊन गप्प बसवू नका. त्यांचा राग खरा आहे. कापसाच्या भावाची लढाई मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. आत्महत्येचं खापर 'डोक्याच्या आजारा'वर फोडून धोरणाची जबाबदारी झटकू पाहणाऱ्याला मीही दारात उभं करणार नाही. पण कर्जाच्या धास्तीनं एखाद्याच्या छातीत कळ आली, तर आधी कापसाचा भाव ठरू द्या, मग अँजिओप्लास्टी करू, असं आपण म्हणतो का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याची अँजिओप्लास्टी होते. मग त्याच धास्तीनं झोप उडालेल्या माणसाला थांबायला का सांगायचं? शिवाय भाव मिळाला तरी सगळे आजार जाणार नाहीत. बाळंतपणानंतर कोमेजलेली सून आहे, दारू सुटत नाही म्हणून रडणारा ट्रॅक्टर ड्रायव्हर आहे, पुस्तकासमोर बसून थरथरणारी बारावीची पोर आहे. त्यांतल्या कित्येकांच्या नावावर सातबाराच नाही.

उपचार गावापर्यंत पोचवले तर फरक पडतो का? पडतो, आणि त्यासाठी लांब जावं लागत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, समुपदेशक नेमले, डॉक्टरांशी जोडून दिलं. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले चार-पाच जणच उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षानं 27 पोचले. मागच्या वर्षभरात जीव द्यायचा विचार मनात आला, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आलं. 2017 साली लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात ते छापून आलं आहे. अमरावतीचा शेतकरी आणि यवतमाळचा शेतकरी एकाच काळ्या मातीतले. मग प्रकल्पाची मुदत संपते तशी ही सोय संपू नये, म्हणून ती विम्यात हवी.

आमची मागणी अशी. महात्मा फुले योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये मनोविकाराचा ओपीडी उपचार घ्या: तपासणी, वर्षभराची औषधं, समुपदेशन आणि एसटीचं भाडं. दाखल होण्याची अट या आजारांपुरती काढा. महात्मा फुले योजना वाकवता येते, हे आपण पाहिलं आहे. आपल्यासारख्या 14 जिल्ह्यांतल्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांना तिच्यात खास जागा दिली गेली. जुलै 2023 मध्ये राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना 5 लाखांपर्यंतचं कवच देण्याचा निर्णय झाला. मग गोळीसाठी दीड हजारांची वाट काढणं अशक्य नाही. सुरुवात यवतमाळपासून करा. आणि तोवर कायद्याचं कलम 18 पाळा. ते म्हणतं की जिल्ह्यात सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळत नसेल, तर रुग्णानं जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं सोसायचा.

ज्यांच्याकडे नोकरीतून मिळालेली किंवा स्वतः घेतलेली पॉलिसी आहे, त्यांनीही गप्प बसू नये. मनाचा आजार म्हणून दावा फेटाळला तर नकार लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा, तिथं दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही.

घरात कुणी न झोपता रात्र काढत असेल, जगणं नकोसं झालं म्हणत असेल, तर या पत्रकाच्या निकालाची वाट पाहू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. माणसाला एकटं सोडू नका आणि आशाताईला बोलवा.

बाकीच्यांना काम सांगतो. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठरावात तीनच ओळी पुरतात: मनोविकाराच्या ओपीडी उपचाराला विमा मिळावा, प्राथमिक आरोग्य केंद्रात या औषधांचा साठा कायम असावा आणि आशाताईला या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. बायांना पुढं बसवा, त्यांना बोलू द्या. घरात कोण झोपत नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळतं. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि एक आपल्या आमदाराला द्या. तिन्ही ठिकाणी शिक्का मारलेली पोच घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फाईलला लावा.