कमरेचे पिस्तूल आणि नवनगरची कचेरी

हुबळीहून धारवाडकडे निघाले की दोन्ही शहरांच्या दरम्यान नवनगर लागते. हुबळीच्या बाजारपेठेशी गोव्याचा व्यवहार नित्याचा असल्यामुळे आमच्या अनेक वाचकांना हा रस्ता परिचयाचा आहे. या नवनगरातच हुबळी-धारवाडच्या पोलीस आयुक्तांची कचेरी आहे. तिचे एक वैशिष्ट्य मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. इतर जिल्ह्यांत बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात आणि त्या बंदुकीने काही अनर्थ ओढवला म्हणजे धावपळ करावी लागते ती पोलिसांना. जेथे पोलीस आयुक्त नेमलेला असतो तेथे शस्त्र कायद्यापुरते जिल्हा दंडाधिकाऱ्याचे अधिकार आयुक्ताकडे येतात. म्हणजे परवाना देणारे आणि परवानाधारकावर नजर ठेवणारे एकाच छपराखाली बसतात. ‘आम्ही काय करणार, परवाना त्या खात्याने दिला’ ही आपल्या सरकारी कारभारातील आवडती सबब निदान तेथे तरी चालण्याजोगी नाही. परवान्याचे शस्त्र उघड मिरवणाऱ्यांचे काय करावे, या प्रश्नाचा विचार आम्ही त्यामुळेच नवनगरपासून सुरू करीत आहोत.

शस्त्र मिरविणे कायद्याला मान्य नाही, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. परवाना मिळाला म्हणजे पिस्तूल कमरेला लावून चारचौघांत वावरण्याची मोकळीक मिळाली, असा समज सर्वत्र आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतील ३२ वा नियम सांगतो की, सार्वजनिक जागी शस्त्र न्यावयाचे तर ते त्यासाठी केलेल्या म्यानात वा पिशवीत असले पाहिजे, ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाराचा त्यावर पुरता ताबा असला पाहिजे. लग्नात, सभेत, जत्रेत किंवा मिरवणुकीत ते परजणे वा झाडणे यांस मनाई आहे. २०१९ साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली. आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही, अशी तरतूद तिने केली. एका परवानाधारकास तीन शस्त्रे बाळगता येत, ती संख्याही दोनवर आणली. इतकेच नव्हे, १९५९ च्या मूळ कायद्याचे १९ वे कलम असे की, शस्त्र बाळगणाऱ्या कोणत्याही माणसाकडे कोणीही पोलीस अधिकारी परवाना दाखविण्याची मागणी करू शकतो, आणि त्याने तो दाखविला नाही तर शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. त्यासाठी मंत्रालयाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाही.

आता हे कलम मनात ठेवून एखाद्या पुढाऱ्याची स्वारी येताना पाहावी. चार-पाच मोटारी येतात, दारे धडाधड उघडतात, आणि उतरणाऱ्यांपैकी एकदोघांच्या सदऱ्याची कड अशा बेताने वर सरकलेली असते की पिस्तुलाची मूठ सर्वांना दिसावी. बंदोबस्तावरील हवालदार ती पाहतो आणि नमस्कार करून दुसरीकडे पाहू लागतो. त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. ज्याच्या एका दूरध्वनीने आपली बदली होऊ शकते त्याच्याकडे परवाना मागण्याचे बळ एकट्या हवालदाराच्या अंगी कोठून येणार? ते त्याला वरून मिळावे लागते, आणि आयुक्तालयाच्या क्षेत्रात ते देणारा अधिकारी हाच परवाना देणाराही असतो.

ही उपेक्षा कोठवर जाते हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अमानुष हत्या झाली आणि त्यानंतर त्या जिल्ह्यात पिस्तुले नाचविणाऱ्यांची, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांची चित्रे एकामागून एक लोकांपुढे आली. जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे उघडकीस आले. मग नोटिसा निघाल्या, गुन्हे नोंदले गेले, शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. आम्ही विचारतो, ही चित्रे काय हत्येनंतर एका रात्रीत काढली गेली होती? ती काढणाऱ्यांनी स्वतःच मोठ्या अभिमानाने प्रसिद्ध केली होती. गावोगावच्या लोकांनी ती पाहिली होती, पोलिसांनीही पाहिली असणारच. ज्या कलमांखाली २०२५ मध्ये परवाने गेले ती सर्व कलमे त्याआधीही पुस्तकात होती.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्याभरात तर मुंबईच्या परिसरात दोन घटना घडल्या. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, प्रत्यक्ष वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, एका विद्यमान आमदाराने प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला. सहाच दिवसांनी दहिसर येथे माजी नगरसेवकाचा खून झाला आणि त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे तपासात निष्पन्न झाले. पोलीस ठाण्याच्या दालनातही ज्याची झडती घ्यावी असे कोणाला वाटत नाही, त्याला आपल्या पिस्तुलाला कायदा लागू आहे याचे स्मरण राहावे कसे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो धारवाडचे नाव घेऊनच येईल. ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी कल्याणनगरातील आपल्या घरी डॉ. एम. एम. कलबुर्गी मारले गेले, ते कोणी मिरविलेल्या शस्त्राने नव्हे. मारेकरी मोटारसायकलवरून आले, दारात उभे राहिले आणि गावठी पिस्तुलाने काम उरकून गेले. पुण्यात डॉ. दाभोलकर आणि कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे यांच्यावर चाललेली शस्त्रेही परवान्याची नव्हती. मग उघड्या पिस्तुलावर एवढी शाई कशाला, असे कोणी म्हणेल. चोरटे शस्त्र हाच मोठा धोका आहे, हे आम्हांस संपूर्ण मान्य आहे. पण ज्याला मारावयाचे असते तो शस्त्र लपवितो. जो ते दाखवितो त्याला मारावयाचे नसते, भिववावयाचे असते. जमिनीच्या सौद्यात, सहकारी संस्थेच्या निवडणुकीत, पंचायतीच्या बैठकीत केवळ मूठ दिसली की समोरचा माणूस तक्रार मागे घेतो. त्या गुन्ह्याची नोंद कोठेच होत नाही, कारण गोळी सुटलेलीच नसते. शिवाय लपविलेले शस्त्र शोधावयास हेर लागतात, खबरे लागतात. मिरविलेले शस्त्र पाहण्यास डोळ्यांखेरीज काहीच लागत नाही. जे समोर दिसते त्याचाही बंदोबस्त ज्यांना करवत नाही, ते दडविलेल्याचा माग कसा काढणार?

नवनगरच्या अंमलाखालील पोलिसांत धडाडीची उणीव आहे असेही कोणी म्हणू शकणार नाही. १३ एप्रिल २०२५ रोजी हुबळीत पाच वर्षांच्या बालिकेच्या हत्येतील संशयित त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीने ठार झाला आणि लोकांनी त्याचे स्वागत केले. संशयिताचा न्याय रस्त्यावर व्हावा हे आम्हांस मुळीच रुचत नाही. तो स्वतंत्र विषय आहे. पण निराधार परप्रांतीय मजुरासमोर जे पिस्तूल इतक्या त्वरेने बाहेर येते, त्याच्या निम्म्या त्वरेने वजनदार परवानाधारकाच्या नावे नोटीस तरी निघावी, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

शस्त्राशी या भूमीचे नाते जुने आहे आणि ते नुसत्या मिरविण्याचे नाही. १८५७ साली कंपनी सरकारने शस्त्रांना परवाना सक्तीचा केला तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगलीचे बेरड त्याविरुद्ध उठले आणि फासावर गेले. पुढच्याच वर्षी नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी बंड केले, त्यामागे दत्तक नामंजूर झाल्याच्या दुःखाबरोबर शस्त्रे काढून घेतल्याचा अपमानही होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने गोऱ्यांना सवलत आणि एतद्देशीयांना बंदी असा उघड पंक्तिप्रपंच केला. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. स्वतंत्र भारताच्या घटनेने मात्र तो घेतला नाही. तिने नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क दिला, तो शांततेने आणि विनाशस्त्र. परक्या सत्तेपुढे शस्त्र मागणे आणि आपल्याच शेजाऱ्यापुढे ते नाचविणे यांतील फरक घटनाकारांना कळला होता.

ज्या अमेरिकेत उघडपणे बंदूक बाळगणे अनेक राज्यांत कायदेशीर आहे तेथील पोलिसांचा अनुभवही बोलका आहे. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर संघटनेचे कृष्णवर्णीय तरुण भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. त्याच वर्षी तेथे भरलेले शस्त्र सार्वजनिक जागी बाळगण्यास बंदी झाली, आणि त्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रेगन यांनी. बंदूक कोणाच्या हाती आहे यावर कायद्याची दृष्टी कशी बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय. टेक्सासमधील डॅलस शहरात ७ जुलै २०१६ रोजी एका मोर्च्याच्या वेळी बंदूकधाऱ्याने पाच पोलिसांना ठार केले. मोर्च्यात वीसतीस माणसे कायदेशीरपणे रायफली खांद्यावर टाकून चालत होती. गोळ्या सुटताच ती पळू लागली आणि मारेकरी कोणता, नागरिक कोणता हे पोलिसांना उमजेना. एका निरपराध माणसाचे छायाचित्र तर संशयित म्हणून प्रसिद्ध झाले. आमच्याकडे कायदा त्यांच्यापेक्षा शहाणा आहे, तो पाळला मात्र जात नाही.

हे सारे शेजाऱ्याला सांगताना गोव्याने आपले घर तपासू नये असे नाही. सत्तरी, सांगे, काणकोण भागातील शेतकऱ्याची जुनी बंदूक वर्षभर घरात टांगलेली असते. गवेरेडे, रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी त्याने परवाना घेतलेला असतो. निवडणूक जाहीर झाली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि ज्या आठवड्यांत बागायतीची नासाडी होते त्याच आठवड्यांत तो निःशस्त्र असतो. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेणे योग्य नव्हे, प्रत्येक प्रकरणाची छाननी करून ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले आहे. तरीही गावच्या शेतकऱ्याला हेलपाटे चुकत नाहीत. ज्याची बंदूक कोणी शहरात पाहिलीही नाही तो आज्ञाधारकपणे रांगेत उभा राहतो, आणि ज्याचे पिस्तूल सर्वांनी पाहिले आहे त्याला ‘जिवाला धोका’ या दोन शब्दांवर सूट मिळते. छाननीचा अर्थ असा खचितच नव्हता.

नवनगरच्या कचेरीने हुबळी-धारवाडात परवाने किती, त्यांतील शेतीसाठी किती, स्वसंरक्षणासाठी किती आणि वर्षभरात नियमभंगावरून किती निलंबित झाले, हे आकडे दरवर्षी नावांवाचून प्रसिद्ध करावेत. शस्त्र उघडे दिसल्याची पहिली नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत झाली की सतराव्या कलमाखाली परवाना निलंबित व्हावा आणि धारकाचे म्हणणे त्यानंतर सावकाश ऐकावे. अपिलाची वाट त्याला मोकळी आहेच. बंदोबस्तावरील शिपायाला आयुक्तांच्या सहीचा लेखी हुकूम द्यावा, म्हणजे परवाना मागताना तो आपल्या नावाने नव्हे, आयुक्तांच्या नावाने मागेल. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही की जादा पैसा लागत नाही. गोव्यात परवाने देणारे जिल्हाधिकारी आणि कारवाई करणारे पोलीस यांच्या कचेऱ्या वेगळ्या असल्या तरी त्यांनी आठवड्यातून एकदा एकमेकांना पत्र लिहिण्यास कोणाची हरकत असणार नाही. पुढच्या निवडणुकीत शस्त्रे जमा करण्याची वेळ येईल, तेव्हा यादीतील पहिली नावे सत्तरीच्या बागायतदारांची असतात की मोटारींच्या ताफ्यातून उतरणाऱ्यांची, ते आम्ही पाहणार आहोत.