सशाचे मूत्रपिंड आणि पांढरी लघवी

पोरांच्या हट्टापुढे आईबापांचे चालत नाही आणि एक दिवस पिशवीतून पांढरा ससा घरात येतो. चाळीची खोली असो की झोपडी, कोपऱ्यात खोका ठेवला की त्याची सोय झाली. आठ-पंधरा दिवसांनी घरातली बाई लादी पुसताना पाहते तर लघवी दुधासारखी गढूळ, सुकल्यावर चुन्यासारखा पांढरा डाग! कधी तर ती विटकरी लाल दिसते. मग 'याला रोग झालाय, सोडून या कुठेतरी' असा निकाल लागतो. हा निकाल घाईचा आहे, असे आम्हाला वाटते. आधी त्याच्या पोटातला कारखाना समजून घेऊ.

बाजारात बकऱ्याचा गुर्दा आपण पाहिलाच असेल. सशाचे मूत्रपिंडही तसेच, गुळगुळीत आणि घेवड्याच्या दाण्यासारखे, फक्त लहान. दोन्ही मूत्रपिंडे पाठीच्या कण्याला लागून, चरबीच्या गादीवर असतात. उजवे डोक्याच्या बाजूला पुढे, यकृताला टेकलेले. डावे मागे आणि बरेच सैल. सशाला उचलताना पोटात गोल काही हाताला लागले तर ते हे डावे मूत्रपिंडही असू शकते, लगेच गाठ समजू नये. माणसात उलटे असते. आपले उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली असते.

मूत्रपिंड उभे चिरले तर बाहेर साल आणि आत गाभा असे दोन थर दिसतात. सालीत रक्तवाहिन्यांचे बारीक गुंते असतात. तिथे रक्त गाळले जाते. ते गाळलेले पाणी वाकड्यातिकड्या नळ्यांतून फिरते, कामाचे मीठ-पाणी रक्तात परत जाते आणि उरते ती लघवी. माणसाच्या गाभ्यात असे ८ ते १८ सुळके असतात. सशात एकच! त्याच्या टोकातून लघवी थेंबाथेंबाने पाझरून मूत्रवाहिनीत उतरते.

या लहानशा अवयवाचे आपल्या घरच्या औषधांशीही नाते आहे. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मॉरिस बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली सशाच्या मूत्रपिंडातली केसाहून बारीक नळी चिमट्याने सोडवून काढली, काचेच्या सूक्ष्म नळ्यांना जोडली आणि तिच्यातून पाणी खेळवले. पुढे १९७३ साली अशाच नळीवर त्यांनी फ्युरोसेमाइडचे काम पाहिले. पायांना सूज आली, दम लागला की म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर 'लॅसिक्स' देतात, तेच हे औषध. गोळी आधीपासून होती. ती नळीच्या एका ठरावीक भागात मीठ परत शोषू देत नाही, म्हणून मिठाबरोबर पाणीही बाहेर जाते, हे सशाच्या नळीवर दिसले. हे ज्ञान सशांच्या जिवावर मिळाले, हेही सांगितले पाहिजे.

आता त्या पांढऱ्या डागाकडे वळू. आपले आतडे गरजेपुरतेच कॅल्शियम घेते. सशाचे आतडे तसे मोजत नाही, चाऱ्यात जितके जास्त तितके जास्त ते रक्तात घेते. त्याचे दात जन्मभर वाढतात, त्यांना ते लागतेही. पण उरलेले बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत मूत्रावाटे जाणारे कॅल्शियमचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी, तर सशात ते ४५ ते ६० टक्के! लघवी अल्कधर्मी असल्यामुळे त्याचे खडे-कण बनतात आणि ती गढूळ दिसते. थोडी गढूळ लघवी म्हणजे रोग नव्हे, ती त्याची रीतच आहे. लाल रंगही बहुधा चाऱ्यातल्या वनस्पतींमुळे येणाऱ्या रंगद्रव्याचा असतो. मात्र रक्त आहे की रंग, हे नुसत्या नजरेने ठरवू नये. साध्या तपासणीत ते कळते.

काळजीची लक्षणे वेगळी आहेत. लघवी टूथपेस्टसारखी घट्ट येणे, ससा कुंथत बसणे, मागचे पाय सतत ओले राहणे, रक्ताच्या गुठळ्या दिसणे, खाणे सुटणे. असे दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. ससा दुखले तरी ओरडत नाही, कोपऱ्यात गप्प बसतो. त्याला शहाणा झाला समजू नये.

भीतीचाही परिणाम मूत्रपिंडावर होतो. घाबरवलेल्या सशाच्या मूत्रपिंडातला रक्तप्रवाह एकदम घटतो, हे ब्रॉड आणि सिरोटा यांनी १९४९ साली नोंदवले. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजात त्याला दारात ठेवू नये, ही नुसती हौशी माणसाची नाजूक कल्पना नाही.

खाण्याचे थोडके सांगतो. आपल्याकडे सशाला लसूणघास घालायची पद्धत आहे. तो कोवळ्या, वाढत्या पिलांना आणि विणीच्या मादीला चालतो. मोठ्या सशाला रोज तोच घातला तर कॅल्शियम फार होते. त्याला वाळलेले साधे गवत आणि हरळी पोटभर द्यावी. पाणी दिवसरात्र समोर असावे, आणि उलट्या टांगलेल्या बाटलीपेक्षा जड बुडाच्या वाटीत. वाटीतून ससा जास्त पाणी पितो, आणि लघवी पातळ राहिली की गाळ साचत नाही.