लस आली, आता वेळीच निदान हवे

भारतातील पहिली रिकॉम्बिनंट हिपॅटायटिस-बी लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने बाजारात आणली. आयात लसीच्या तुलनेत ती कितीतरी स्वस्त होती. २०११ पासून हे लसीकरण देशभरातील सार्वत्रिक कार्यक्रमाचा भाग झाले. मात्र लस संसर्ग टाळते. जडलेला संसर्ग बरा करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोक हिपॅटायटिस-बीने, तर ५५ लाख लोक हिपॅटायटिस-सीने बाधित होते. त्यांच्यावर यकृताच्या कर्करोगाची टांगती तलवार आहे.

यकृत मुकाट्याने सोसते. लक्षणे दिसेपर्यंत गाठ बहुधा वाढलेली असते आणि शस्त्रक्रियेची संधी हुकलेली असते. रक्तचाचणीत आजही मुख्य भिस्त अल्फा-फीटोप्रोटीन या एका प्रथिनावर आहे. ते यकृतदाहात व गर्भारपणातही वाढते. उलट अनेक लहान गाठींमध्ये वाढतच नाही.

म्हणूनच संशोधक एकाऐवजी शेकडो प्रथिनांकडे पाहू लागले आहेत. मास स्पेक्ट्रोमेट्रीद्वारे रक्तद्रवातील प्रथिनांची मोजदाद करून कर्करोगाची पूर्वखूण शोधणे, हे प्रोटिओमिक्सचे काम. वाट बिकट आहे. रक्तद्रवातील प्रथिनांत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा असतो. गाठीतून झिरपणारी प्रथिने त्यात बुडून जातात. शिवाय तुलना निरोगी माणसाशी करून भागत नाही. सिरॉसिस झालेल्या, पण कर्करोग नसलेल्या रुग्णापासून फरक दाखवील, तीच खूण उपयोगाची. वय, लिंग आणि तीन प्रथिन-निर्देशक एकत्र करणारी 'गॅलॅड' गुणपद्धती याच दिशेचे पाऊल होय.

गोव्यासाठी बोध स्पष्ट आहे. सार्वत्रिक लसीकरणापूर्वी जन्मलेल्या प्रौढांपैकी अनेकांना आपल्या संसर्गाची कल्पनाही नसेल. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. सिरॉसिस वा अन्य जोखीम असलेल्यांसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, हाच आजचा खात्रीचा पहारा आहे. नवी चाचणी येईल तेव्हा येईल. परंतु कोणाची तपासणी करायची हेच ठाऊक नसेल, तर उत्तमातील उत्तम चाचणीही निरुपयोगी ठरेल.