सीमेवरचे वाहन, सीमेबाहेरचा नागरिक

नांदेडमधील देगलूर वा लातूरमधील उदगीरची बाजारपेठ राज्याची सीमा जुमानत नाही. वाहन कायदा मात्र ती काटेकोर पाळतो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४७ नुसार परराज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कर येथे भरायचा आणि उरलेल्या मुदतीच्या परताव्यासाठी जुन्या राज्यात खेटे घालायचे! २०२१ ची ‘भारत’ मालिका सरकारी नोकरांस व चार राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांस खुली आहे. सीमेवरच्या किरकोळ व्यापाऱ्यास नाही. वस्तू व सेवा कराचा आंतरराज्य हिशेब २०१७ पासून केंद्राच्या मध्यस्थीने चुकता होतो. मग वाहनकराचाच का होऊ नये? कायदा पाळणे हे नागरिकाचे कर्तव्य. तो पाळणे परवडेल असे करणे हे शासनाचे.