पहारेकऱ्याला सुट्टी नको

नारायणगाव किंवा मंचरच्या बाजारपेठेत संगणकाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘अँटिव्हायरसमुळे मशीन हळू चालते, म्हणून बंद करून ठेवलाय.’ त्याच मशीनवर दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी असतात, आडत्याचा हिशेब असतो, मुलांचे लहानपणापासूनचे फोटो असतात. खंडणीखोर व्हायरसला या फाइल कुठे न्याव्याच लागतात असे नाही. तो त्या जागेवरच बदलून कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. म्हणूनच परवानगीशिवाय फाइलला कोणाला हात लावू न देणे, हे आज अँटिव्हायरसचे मोठे काम आहे.

बिबट्यांच्या या मुलखात पायाचा ठसा पाहून जनावर ओळखणारी माणसे आहेत. अँटिव्हायरसकडेही माहीत असलेल्या व्हायरसांच्या ठशांची यादी असते; ती सतत ताजी ठेवावी लागते. नव्या व्हायरसचा ठसा यादीत नसतो, तेव्हा त्याची वागणूक पाहिली जाते. एखादा अनोळखी प्रोग्राम भराभर शेकडो फाइल बदलू लागला, की त्याला अडवले जाते. ठरावीक फोल्डरमध्ये फक्त विश्वासू प्रोग्रामनाच बदल करू देण्याची सोय विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. ती आपणहून सुरू करावी लागते.

खरा घात होतो तो फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरपायी. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना त्यासोबत येते आणि आपण ती पाळतो. चोराच्या हाती किल्ल्या देणे ते हेच.

अर्थात, पहारेकरीही चुकतो. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे विश्वासाच्या दारातून शिरला. त्याचा फटका थेट न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलला बसला आणि तिथले काम ठप्प झाले. पैसे भरूनही फाइल परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : अँटिव्हायरस सुरू हवा आणि महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रतही हवी. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या, ती उघडते का पाहा आणि डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होईल. फटका बसलाच तर इंटरनेट तोडा, पैसे देऊ नका, १९३० वर तक्रार करा.

मशीन चार मिनिटे उशिरा सुरू झाले तर काही बिघडत नाही. रुग्णाची दहा वर्षांची नोंद गेली, तर ती पुन्हा लिहिता येत नाही.