“आमचे हेच बघतात सगळं!”

आमच्या बचत गटात नवी बाई आली की मी तिला एक प्रश्न हमखास विचारते. “घरातले बँकेचे, जागेचे, विम्याचे कागद कुठं असतात, माहितीय का?” बऱ्याच जणी पदराशी चाळा करत हसतात आणि म्हणतात, “अहो ताई, ते आमचे हेच बघतात सगळं!” म्हणताना चेहऱ्यावर थोडं कौतुकही असतं.

अशाच एका मैत्रिणीचे ‘हे’ अचानक गेले. दिवसकार्य उरकायच्या आधीच दोघंजण उसने पैसे मागायला दारात हजर. कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं, तिला काडीचीही कल्पना नव्हती. “त्यांनी कधी सांगितलंच नाही हो ताई,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचं ते वाक्य ऐकलं आणि मला सहाशे वर्षांपूर्वीची एक बाई आठवली. तीही पार पॅरिसची!

बी.ए.ला मला इतिहास होता. युरोपातलं मध्ययुग म्हणजे अंधारयुग, या एका वाक्यावर आम्ही पास झालो. राजे, किल्ले, धर्मयुद्धं, प्लेग. बायका कुठं होत्या? एक जोन ऑफ आर्क तेवढी, आणि तीही जाळली म्हणून लक्षात राहिलेली. पुढे लेकीच्या अभ्यासाच्या निमित्तानं पुन्हा पुस्तकं उघडली, तेव्हा क्रिस्तीन द पिझाँ भेटली.

क्रिस्तीनचा जन्म १३६४च्या सुमाराचा, व्हेनिसचा. वडील विद्वान. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स यानं त्यांना ज्योतिषी म्हणून दरबारी बोलावलं, आणि लहानगी क्रिस्तीन पॅरिसला आली. पोरीनं शिकावं असं वडिलांना वाटे. आईचं मत, पोरीनं सूत कातावं! (ओळखीचं वाटतंय ना?) पंधराव्या वर्षी लग्न झालं. नवरा एत्येन राजाच्या कचेरीत सचिव, शिकलेला, प्रेमळ. संसार सुखाचा चालला होता.

पण काळ सुखाचा नव्हता. १३४७ ते १३५१ या चार-पाच वर्षांत प्लेगनं युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं नेली होती, आणि ही साथ दर काही वर्षांनी पुन्हा यायची. त्यात इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध १३३७ला पेटलेलं, ते थेट १४५३पर्यंत चाललं. साथीत आणि लढाईत माणसं जात होती, आणि मागे राहिलेल्या कितीतरी बायकांवर घर चालवायची वेळ येत होती.

क्रिस्तीनवरही तीच वेळ आली. आधी आश्रयदाता राजा गेला, मग वडील गेले. १३९०च्या सुमारास एत्येन राजाबरोबर दौऱ्यावर गेला आणि तिकडेच साथीत दगावला. क्रिस्तीन तेव्हा पंचविशीत. पदरात तीन मुलं, घरात आई आणि एक भाची. दोघे भाऊ इटलीला वडिलांच्या जमिनीवर निघून गेले. आई राहिली लेकीकडे!

मग सुरू झाल्या कोर्टकचेऱ्या. नवऱ्याचं येणं सरकारदरबारी अडकलेलं आणि देणेकरी म्हणून नाव मात्र हिचं. एका वेळी चार-चार ठिकाणी खटले. हे सगळं निस्तरायला तिला तेरा-चौदा वर्षं लागली. कचेऱ्यांतून ताटकळताना पुरुष कशी थट्टा करायचे, नजरा कशा असायच्या, हे तिनं स्वतः लिहून ठेवलंय. वरून जपून वापरलेला चांगला झगा, आत मात्र थंडीनं आणि काळजीनं भरलेली हुडहुडी. झाकली मूठ म्हणतो ना आपण, अगदी तेच.

आणि या सगळ्याचं कारण काय? तेही तिनंच १४०५ साली लिहिलंय. नवरे आपले व्यवहार बायकोला पुरते सांगत नाहीत, ही सर्रास रीत आहे आणि तिच्यातून पुष्कळदा नुकसान होतं, असं ती म्हणते. तिचा नवरा वाईट नव्हता हं. उलट ती आयुष्यभर त्याची आठवण काढत राहिली. पण चांगल्या नवऱ्यानंही सांगितलं नाही, आणि चांगल्या बायकोनंही विचारलं नाही!

क्रिस्तीन रडली, आजारी पडली, पण बसून राहिली नाही. तिनं लेखणी उचलली. आधी कविता, मग मोठमोठे ग्रंथ. छपाई अजून युरोपात यायची होती. चामड्याच्या पानांवर हातानं प्रती उतरवायच्या, चित्रं काढून घ्यायची आणि राजघराण्यातल्या मंडळींना अर्पण करायच्या. त्यातून बिदागी मिळे. प्रती कशा निघताहेत यावर ती स्वतः लक्ष ठेवायची. लेखणीवर घर चालवणाऱ्या युरोपातल्या पहिल्या बायकांत आज तिचं नाव घेतात.

‘स्त्रियांचं नगर’ हा तिचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ १४०५चा. बायकांना अक्कल कमी असं तेव्हाचे विद्वान लिहायचे. तिनं त्यांना साधा सवाल केला. मुलींना मुलांसारखं शाळेत घातलं, तर त्या तितकंच शिकणार नाहीत का?

मला जास्त भावतं ते त्याच वेळचं तिचं दुसरं पुस्तक, बायकांना संसाराचे सल्ले देणारं. जहागीरदाराच्या बायकोनं जमिनीचे हक्क आणि कायदे जाणावेत, उत्पन्न किती नि खर्च किती हे नवऱ्याइतकंच तिला ठाऊक असावं. कारागिराच्या बायकोनं धंद्यातले बारकावे शिकावेत, म्हणजे नवरा नसताना कामगारांवर नजर ठेवता येईल. विधवेसाठी तर वेगळं प्रकरणच आहे. हे सगळं स्वतः ठेचा खाऊन शहाण्या झालेल्या बाईचं बोलणं आहे.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही. तापट, बाहेरख्याली नवऱ्याला बायकोनं सोसावं, असंही ती सांगते. तिथं मी तिच्याशी भांडते. पण सहाशे वर्षांपूर्वीच्या बाईकडून आजचं सगळं शहाणपण मागणं बरोबर नाही. तिनं आपल्या काळापुढे चार पावलं टाकली, हे काय थोडं झालं?

पुढे देशात यादवी माजली. १४१८ साली पॅरिसमध्ये कत्तली झाल्या आणि क्रिस्तीन शहर सोडून मठात गेली. अकरा वर्षं तिथं काढल्यावर १४२९ साली एका खेड्यातल्या पोरीनं फ्रान्सच्या सैन्याला विजय मिळवून दिल्याची बातमी तिच्या कानी आली. ती पोरगी म्हणजे जोन. म्हातारपणी क्रिस्तीननं पुन्हा लेखणी उचलली आणि तिच्यावर आनंदाचं गाणं लिहिलं. पुढे १४३१ला जोनला जाळलं. ते ऐकायला क्रिस्तीन होती की नव्हती कोण जाणे. नसावी, असंच मनाला वाटतं.

म्हणून म्हणते, तो काळ नुसता अंधाराचा नव्हता. अंधार होता तो घरातल्या कागदांच्या पेटीत, आणि तो बायकांसाठी मुद्दाम राखलेला होता. माझी मैत्रीण आता वर्षभर हेलपाटे घालून एकेक कागद गोळा करतेय. तिला वाचता येत होतं, हिशेब येत होता. फक्त कुणी पेटी उघडून दाखवली नव्हती, आणि तिनंही “उघडा” म्हटलं नव्हतं.

मैत्रिणींनो, यात नवऱ्यावर अविश्वास नाही. आज रात्री जेवणं उरकली की त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, “अहो, ते कागद जरा काढा. मला समजून घ्यायचेत.” कुरकुर करतील, “तुला काय करायचंय?” म्हणतील. तरी उठू नका. क्रिस्तीनला चौदा वर्षं लागली, आपल्याला एक संध्याकाळ पुरेल.