सव्वासहा हजारांचं स्क्रीनवरचं विमान आणि आपला धंदा



हिंगोलीत विमानतळ नाही, विमान पकडायचं तर नांदेड गाठावं लागतं. तरी आज विमानाबद्दलच बोलू. हे विमान फक्त कॉम्प्युटरवर उडतं, पण त्यात आपल्या कामाचा मुद्दा आहे.

मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर' हा गेम २०२० मध्ये आला. त्याच्या महागड्या आवृत्तीत बोईंग ७८७ हे दोन इंजिनांचं मोठं विमान गेमसोबतच मिळतं. तरीही जून २०२४ मध्ये पीएमडीजी नावाच्या कंपनीने त्याच गेमसाठी बोईंग ७७७-३००ईआर वेगळं विकायला काढलं. एअर इंडिया लांबच्या प्रवासाला वापरते तेच हे विमान. तेव्हाची किंमत जवळपास ७५ डॉलर, म्हणजे त्या वेळचे सव्वासहा हजार रुपये. मूळ गेमची साधी आवृत्ती ६० डॉलरची!

गेमपेक्षा महाग विमान गिऱ्हाईक का घेतं? कारण यात कॉकपिटची नुसती चित्रं नाहीत. इंधन, वीज, हायड्रॉलिक या यंत्रणा खऱ्यासारख्या चालतात, चेकलिस्ट पाळावी लागते. आणि या कंपनीने २०१३ मध्येच जुन्या गेमसाठी ७७७ बनवलं होतं. म्हणजे एकाच विमानाचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू होता. पुढे त्यातूनच मालवाहू ७७७ सुद्धा विकायला आलं.

आता आपल्याकडे बघा. नवीन दुकान टाकणारा झेरॉक्स, रिचार्ज, फोटो, स्टेशनरी सगळंच ठेवतो. शेजारीही तेच असतं. मग भाव पाडण्याशिवाय हातात काही उरत नाही आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

माझं स्पष्ट मत आहे: एकच काम निवडा आणि त्यात मुळापर्यंत जा. वसमत, औंढा भागात हळद निघाली की ती शिजवायचं यंत्र आणि पॉलिशचा ड्रम रात्रंदिवस चालतो. ऐन हंगामात यंत्र बंद पडलं तर शेतकरी भाव करत बसत नाही, जाणकार माणूस शोधतो. तो माणूस तुम्ही का नाही?

तुम्ही म्हणाल, "सर, हंगाम तर दोन-तीन महिन्यांचा!" बरोबर आहे, हा धोका आहेच. पीएमडीजीचा धंदाही दुसऱ्याच्या गेमवर उभा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेमची नवी आवृत्ती आली, की अशा विमानांनाही तिच्याशी जुळवून घेणं आलं. म्हणून बाकीच्या महिन्यांत त्याच ज्ञानावर चालेल असं काम जोडा: सुटे भाग, हंगामाआधीची सर्व्हिसिंग, मळणीयंत्राची दुरुस्ती.

कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक कागद घ्या. शेजारच्या दुकानदारापेक्षा तुम्हाला कोणतं एक काम जास्त खोलवर येतं, ते लिहा. कागद कोराच राहिला, तर आधी सहा महिने ते काम शिका. दुकान नंतर टाका.